घरी येणारी सिस्टर आणि दारात आलेला सर्व्हे

मध्य प्रदेशात नियमांत न बसणाऱ्या नर्सिंग कॉलेजांना मान्यता दिल्याच्या आरोपांची चौकशी गाजायला लागल्यापासून इंदूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न सारखा कानावर येतो. आईसाठी किंवा सासऱ्यांसाठी नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोकडून नर्स ठेवली आहे, पण ती खरंच नर्स आहे का, हे ओळखायचं कसं? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली दोन मुलं दारात येतात, घरात साठीपुढचं कुणी आहे का विचारतात, बीपी मोजू का म्हणतात आणि कागदावर सही मागतात. त्यांना आत घ्यायचं की दार लावायचं?

मला हे दोन्ही प्रश्न एकाच विषयाचे वाटतात. मी बरीच वर्षं इंदूरमध्ये कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवलं. हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर, वस्तीत आणि घराघरांत चालते ती ही नर्सिंग. घरच्या पेशंटची काळजी चांगली होते की नाही हे कोण येतं यावर जितकं ठरतं, तितकंच काय लिहून ठेवलं जातं यावरही ठरतं, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्या शहरात घरातल्या पेशंटची कुठेच मोजदाद नाही, तिथे आपल्या म्हाताऱ्या माणसांचं काय चाललंय याचा कुणालाच पत्ता नसतो.

डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

पक्षाघाताचा झटका आलेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या किंवा मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला हॉस्पिटल फार दिवस ठेवून घेत नाही. पलंग दुसऱ्या पेशंटला हवा असतो, बिल वाढत असतं, आणि वॉर्डात जास्त दिवस राहिलं की तिथलेच जंतू लागण्याची भीती असते. तिन्ही कारणं रास्त आहेत. पण पेशंट घरी येतो तो नाकात नळी, लघवीची पिशवी, एक बाजू लुळी आणि औषधांची पानभर यादी घेऊन. कार्डावर ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’ एवढी एकच ओळ असते. रात्री तीन वाजता ती कूस कोण बदलणार, हे त्यात लिहिलेलं नसतं.

रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, कुठल्याही मराठी वस्तीत जा. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूला, आणि इथे पंचाहत्तरीचे आजोबा सत्तरीच्या आजींची काळजी घेताहेत, असं घर सापडेलच. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून अधिक होती. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३च्या अहवालात मांडला आहे. एवढ्या माणसांना पुरतील इतके पलंग कुठलंही सरकार उभारू शकत नाही. पुढची बरीचशी नर्सिंग घरातच होणार आहे.

बाई, अटेंडंट, एएनएम, सिस्टर

घरी येणाऱ्या प्रत्येकीला आपण ‘नर्स’ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. घर बांधताना बिगारी, गवंडी आणि इंजिनिअर तिघंही साइटवर दिसतात, तिघांवाचूनही काम अडतं, पण स्लॅबमध्ये सळई किती घालायची हे कुणी बिगाऱ्याला विचारत नाही. इथेही तसंच आहे.

पहिली पायरी अटेंडंटची. तिला कुणी आयाबाई म्हणतं, कुणी केअरटेकर. अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, चालवणं, सोबत बसणं हे तिचं काम. काहींनी काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, पुष्कळ जणी बघूनबघून शिकलेल्या असतात. त्यात कमीपणा काही नाही. मात्र इंजेक्शन देणं, नाकातली नळी घालणं, जखमेचं ड्रेसिंग ठरवणं हे तिचं काम नाही.

दुसरी पायरी एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. दोन वर्षांचं शिक्षण, मुख्यतः बाळंतपण, लसीकरण आणि गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठीचं. तिसरी पायरी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बीएस्सी नर्सिंग केलेली सिस्टर. जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी चार वर्षांचं, दोन्हींत वॉर्डातला सराव सक्तीचा.

आपली गैरसमजूत अशी असते की पेशंट गंभीर असेल तर चोवीस तास सिस्टर हवी, नाहीतर काहीच नको. बहुतेक घरांची खरी गरज मधली असते. दिवसरात्र एक चांगली अटेंडंट, आणि आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा तासाभरासाठी येणारी नोंदणीकृत सिस्टर, जी अटेंडंटला शिकवेल आणि तिचं काम तपासेल. ब्यूरोशी बोलताना पहिला प्रश्न पगाराचा नसावा. ‘या बाईंवर देखरेख कोण करणार आणि किती दिवसांनी येणार?’ हा असावा. उत्तर आलं नाही तर तुम्हाला फक्त माणूस मिळतोय, सेवा नाही, असं समजा.

नोंदणी बघायची म्हणजे काय बघायचं

मार्कशीट किंवा कॉलेजचं सर्टिफिकेट पुरेसं नाही. नर्स म्हणून काम करायला राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी लागते. आपल्याकडे ती भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलमध्ये होते. शिवाय इंडियन नर्सिंग कौन्सिलने देशभरातल्या नर्सेससाठी एकच ओळखक्रमांक काढला आहे, त्याला एनयूआयडी म्हणतात. नोंदणी क्रमांक मागा, नाव आधार कार्डाशी जुळतं का बघा, मुदत संपलेली नाही ना तेही बघा. खरी सिस्टर याचा राग मानत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं तिला बरं वाटतं.

राज्यातल्या कॉलेजांचं प्रकरण साधं नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने कॉलेजं तपासली. मे २०२४ मध्ये त्याच तपासातले सीबीआयचे अधिकारी लाचेच्या आरोपाखाली पकडले गेले, आणि ‘योग्य’ ठरलेल्या कॉलेजांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. त्यामुळे नोंदणी असणं ही किमान अट झाली, हुशारीची खात्री नव्हे. खात्री पुढच्या गोष्टींवरून होते.

तासाभरात सिस्टर करते काय?

‘नुसतं बीपी बघून जाते आणि पैसे घेते’ अशी तक्रार मी कितीतरी घरांत ऐकली आहे. काही ठिकाणी ती खरीही असते. म्हणून चांगली सिस्टर काय करते हे नीट कळायला हवं.

ती आधी चादर उचलते. झोपून असलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे शय्याव्रण, ज्याला सगळे बेडसोअर म्हणतात. शरीराचं वजन एकाच जागी पडत राहिलं की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरायला लागतं. माकडहाड, खुबे आणि टाचा या पहिल्या जागा. सिस्टर तिथली लाली बोटाने दाबून बघते. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लाल ती लालच राहिली तर जखम सुरू झाली आहे, कातडी अजून फाटलेली नसली तरी. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळसर झालेला भाग हाताने चाचपावा लागतो.

लोकमान्यनगरात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी विद्यार्थिनींना घेऊन गेले होते. घर अगदी टापटीप, चादर परीटघडीची, सर खाटेवर स्वच्छ. टाचांखाली पाणी भरून गाठ मारलेले रबरी हातमोजे ठेवलेले. कुणीतरी सांगितलेला उपाय सूनबाईंनी मनापासून केला होता. विद्यार्थिनीने पाय उचलला तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळा डाग. पाण्याचे मोजे टाचेवरचा भार काढत नाहीत, तो फक्त इकडून तिकडे सरकवतात. तिने मोजे बाजूला ठेवले आणि पोटरीखाली लांबट उशी अशी लावली की टाच गादीला टेकेचना. मग सूनबाईंच्या हाताने तेच पुन्हा करून घेतलं. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

कमरेखाली टायरसारखी गोल रिंग ठेवणं, लाल झालेल्या जागेवर स्पिरिट लावून जोरात चोळणं, पावडरीचा थर देणं हे उपायही असेच घरोघर चालतात. रिंगेमुळे कडेचा रक्तपुरवठा तुटतो, चोळल्याने आतलं नाजूक मांस आणखी फाटतं. एअर मॅट्रेस चांगली, पण ती घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. कूसही पूर्ण नव्वद अंशात नको. पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंशांचा कल पुरतो, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो.

नाकातून पोटात जाणारी नळी असेल तर भरवण्याआधी ती जागेवर आहे का हे बघतात. नाकाशी असलेली खूण सरकली नाही ना, सिरिंजने ओढल्यावर पोटातलं पाणी येतं ना. खूण सरकलेली दिसली किंवा शंका आली तर भरवणं थांबवायचं आणि सिस्टरला किंवा डॉक्टरांना फोन करायचा. भरवताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर, आणि नंतरही अर्धा ते एक तास तशीच. आडवं ठेवून भरवलं की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पक्षाघाताच्या पेशंटला तो जिवावर बेततो. लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवतात, ते चूक. लघवी उलटी वर जाते आणि जंतू सोबत घेऊन जाते. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून चांगली सिस्टर दर भेटीत विचारते: ही अजून खरंच हवी आहे का? डॉक्टरांना फोन करून विचारू का?

इन्सुलिनचं सांगायलाच हवं, कारण इंदूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. उघडलेली बाटली पंचवीस-तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते, खिडकीतल्या फळीवर नाही. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. आपल्या शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो. ती सोय सफाई कामगारांच्या बोटांसाठीही आहे.

‘आमची सून सगळं करते, मग हे कशाला?’

करते, आणि जीव तोडून करते. पण न शिकवता एखाद्यावर काम टाकणं आणि मग चुकलं की तिलाच बोलणं, हा अन्याय आहे. दुसरं म्हणजे रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. वजन आठवड्याला पाव किलो उतरत असेल, पायाला थोडी थोडी सूज येत असेल, तर चार दिवसांनी येणाऱ्या प्रशिक्षित नजरेला ते पटकन कळतं. त्या नजरेलाही आधार लागतो, आणि तो आधार वहीचा.

साधी शंभर पानी वही, खाटेच्या पायथ्याशी दोरीने बांधलेली. त्यात असं काहीतरी:

‘सकाळी ६.१० डावी कूस. ६.४० नळीतून २०० मिली, डोकं वर. ७.३० पर्यंत वर. शी नाही, दुसरा दिवस. ८.१५ उजवी कूस, माकडहाड लाल, दाबल्यावर पांढरं होतं. लघवी १० वाजेपर्यंत ३०० मिली, गडद. साखर १६४. आजी आज बोलल्या नाहीत.’

शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की पुष्कळदा ताप येतच नाही. माणूस गप्प होतो, गोंधळतो, खायचं सोडतो. ‘लघवी गडद’ आणि ‘बोलल्या नाहीत’ हे एकाच पानावर आलं की सिस्टर डॉक्टरांना फोन लावते. वही नसेल तर चार दिवसांनी अॅम्ब्युलन्स बोलवावी लागते. अटेंडंटला लिहिता येत नसेल तर खुणांचा तक्ता करा. बरोबरच्या रकान्यात खूण करायला अक्षरओळख लागत नाही.

आता संशोधनाकडे

शंभर घरांतल्या अशा शंभर वह्या एकत्र वाचल्या तर काय कळेल? कुणाला जखमा जास्त झाल्या, कुठल्या घरांतून पेशंट पुन्हा भरती झाला, सिस्टरच्या भेटींनी फरक पडला का. समाजातलं आरोग्यसंशोधन म्हणजे मुळात एवढंच. एकेका घराचा अनुभव मोजून, पडताळून त्यातून सगळ्यांना उपयोगी पडेल असं काही काढणं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मराठी मुलखातच घडलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. ३९ गावांत ही सेवा दिली आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीचंच चालू ठेवलं, म्हणजे तुलना करता येईल. १९९५ ते १९९८ च्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिसऱ्या वर्षापर्यंत सेवा मिळालेल्या गावांत नवजात बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटलं होतं. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरची नवजात काळजी देशभर सुरू केली. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारात येते ती त्यामुळे. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा एक अभ्यास फार शिकवतो. तोही १९९९चाच. पासष्ट वर्षांपुढच्या ३६३ पेशंटपैकी निम्म्यांना नेहमीसारखा डिस्चार्ज दिला, निम्म्यांची तयारी अनुभवी नर्सने हॉस्पिटलातच करून घेतली आणि मग ती त्यांच्या घरीही जात राहिली. चोवीस आठवड्यांत पहिल्या गटातले ३७ टक्के पुन्हा भरती झाले, दुसऱ्यातले २० टक्के.

आणि एक अभ्यास असाही, ज्याचं उत्तर आपल्याला आवडणार नाही. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत पक्षाघाताच्या १,२५० पेशंटवर तो झाला, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. निम्म्या पेशंटच्या नातेवाइकांना व्यायाम आणि हालचाल कशी करून घ्यायची हे खास शिकवलं. सगळ्यांना वाटत होतं की फायदा होणारच. सहा महिन्यांनी मृत्यू आलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या पेशंटचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के होतं. फरक शून्य. नातेवाइकांनी काही करू नये, असा याचा अर्थ नाही. पण घरच्यांना शिकवून सोडलं की भागलं, तज्ज्ञ माणसांवर खर्च नको, असं म्हणणाऱ्या प्रत्येक योजनेने हा आकडा समोर ठेवायला हवा. मोजलं नसतं तर ही समजूत तशीच पुढे चालू राहिली असती.

‘आमच्यावर प्रयोग करणार का?’

हा प्रश्न इंदूरमध्ये विचारला जातो तेव्हा त्याला इतिहास आहे. पेशंटना पुरेशी माहिती न देता त्यांच्यावर नव्या औषधांच्या चाचण्या झाल्याचे आरोप या शहरातून झाले. २०१२ मध्ये इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये न्यायालयाने अशा चाचण्यांत संमती घेतानाचं चित्रण आणि ध्वनिमुद्रण करायला सांगितलं. नियम कडक होत गेले आणि २०१९ मध्ये औषधचाचण्यांचे नवे नियम आले. तेव्हा इथल्या माणसाने शंका घेतली तर ती अडाणीपणाची नाही. त्या शंकेमुळे सगळ्या देशाचे नियम सुधारले.

मात्र औषधाची चाचणी आणि घरी येऊन केलेला सर्व्हे यांत फरक आहे. दुसऱ्यात बहुधा प्रश्न विचारतात, बीपी, वजन, हाताच्या मुठीची ताकद मोजतात, कधी बोटातून रक्ताचा थेंब घेतात. वृद्धांविषयीचा ‘लासी’ हा देशव्यापी अभ्यास असाच झाला. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढची सुमारे ७२ हजार माणसं त्यात होती. या अभ्यासात आपल्याला कुठलंही नवं औषध देत नाहीत.

तरीही संमती दोन्हीकडे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तुम्हाला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक मिळायला हवं, त्याची प्रत तुमच्याकडे राहायला हवी, आणि मध्येच ‘आता नको’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. नाही म्हटलं म्हणून तुमचे उपचार थांबवता येत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या वतीने जवळचं माणूस संमती देतं, पण आजींनी हात मागे ओढला तर तोही नकारच मानायचा.

दारात आलेल्यांना मी हे विचारते. कुठल्या संस्थेचा अभ्यास, आणि कुठल्या एथिक्स कमिटीने मान्यता दिली? ही कमिटी म्हणजे डॉक्टर, वकील, समाजातली माणसं यांची समिती, जी अभ्यासामुळे कुणाचं नुकसान होत नाही ना हे आधी तपासते. माझं नाव आकडेवारीपासून वेगळं ठेवणार का? बीपी जास्त निघालं तर मला सांगणार आणि कुठे जायचं ते सुचवणार, की फक्त लिहून नेणार? उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय क्रमांक काय? सीटीआरआय म्हणजे अशा चाचण्यांची २००७ पासून चालू असलेली सरकारी नोंदवही, नेटवर कुणालाही बघता येते. पैसे, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागितला तर तो सर्व्हे नाही, दार लावा आणि पोलिसांना कळवा. बाकी उत्तरं ठीक मिळाली तर मात्र आत घ्या आणि खरी उत्तरं द्या. सधन वस्त्यांमधली दारं बंद राहिली तर आकड्यांत आपली म्हातारी माणसं येतच नाहीत, आणि ज्यांची मोजणीच झाली नाही त्यांच्यासाठी योजनाही आखली जात नाही.

आजी मराठीत बोलतात, बाईंना हिंदी येते

हा इंदूरचा खास प्रश्न आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. घरात येणाऱ्या बायका बहुधा धार, झाबुआ, खरगोन, बडवानीकडच्या. त्या हिंदी, मालवी, निमाडी, भिली बोलतात. आजी जन्मभर बाजारात फर्डी हिंदी बोलल्या असतील, पण स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची उरते. मग त्या ‘कळ येतेय’, ‘मळमळतंय’, ‘घशात अडकलं’ म्हणतात आणि बाई समजते की आजी बडबडताहेत. भिंतीवर असे वीस-पंचवीस शब्द हिंदी अर्थासह लावा, पहिल्याच दिवशी.

संशोधकांसाठीही हे तितकंच खरं आहे. स्मरणशक्ती तपासणारी हिंदी प्रश्नावली मराठी आजींना दिली आणि गुण कमी पडले, तर ते स्मरणशक्तीमुळे की भाषेमुळे, हे सांगता येणार नाही. सर्व्हेवाल्यांकडे मराठी प्रश्नावली मागण्यात संकोच नको.

पैशांचं थोडक्यात

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. घरी ठेवलेल्या अटेंडंटचा पगार त्यातून मिळत नाही. खाजगी विम्यात ‘डोमिसिलियरी’ नावाचं कलम असतं. हॉस्पिटलात ठेवावं लागलं असतं असा आजार, पण पेशंट हलवण्याजोगा नाही किंवा पलंगच मिळाला नाही, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी उपचार, असा त्याचा अर्थ. नुसत्या सोबतीला ते लागू पडत नाही. पॉलिसी घेतानाच विचारा, आणि डॉक्टरांकडून घरी नर्सिंग हवं असं लेखी घ्या.

तिच्या बाजूने

सगळं पेशंटच्या बाजूने बोलून झालं, पण चोवीस तासांच्या ड्यूटीवर असलेल्या बाईची झोप कोण मोजतं? पेशंट दर दोन तासांनी उठवत असेल तर ती सलग झोपलेलीच नसते. अशा बाईच्या हातून औषधाची गोळी चुकली तर दोष तिचा एकटीचा नाही. साठ किलोचा माणूस एकटीने उचलून उचलून तिची कंबर जाते. तुम्ही देता त्यातले किती पैसे ब्यूरो ठेवते आणि किती तिच्या हातात पडतात, हे विचारायचा हक्क पगार देणाऱ्याला आहे. मी तर म्हणेन, ते कर्तव्यच आहे.

रात्री घरच्या कुणीतरी एक-दोनदा कूस बदलण्याची पाळी घ्यावी, आठवड्याची सुट्टी भरपगारी असावी, उचलताना दुसरा माणूस किंवा सरकवण्याची जाड चादर हवी, जेवण पेशंटच्या वेळेनंतर का होईना पण बसून आणि पोटभर मिळावं. आणि काही बिनसलं, पेशंटने मारलं किंवा घरातल्या कुणी अंगचटी केली, तर तिने कुणाला फोन करायचा तो नंबर तिच्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवशीच घालून द्यावा. ब्यूरोशी करार करताना हे सगळं त्यातच लिहून घेता येतं.